‘संध्याकाळी या’ म्हणजे किती वाजता?

दुपारी साडेचारला मार्गासनीकडचा एक तरुण दुकानात आला. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये सत्तावीस फोटो. गावातल्या कुणाचा तरी वाढदिवस, बोर्ड दहा बाय आठचा, आणि तो रात्रीच चौकात लागायला हवा, कारण बाराच्या ठोक्याला केक कापायचा. माझ्या भाच्यानं भिंतीवरचा दर दाखवला, ऐंशी चौरस फुटांचा हिशेब केला आणि म्हणाला, “संध्याकाळी या.” तरुण गेला. कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरानं तोंडातून शब्द काढला नाही, फक्त चहाचा कप बाजूला सरकवला.

दुकानातल्या मशीनला ऐंशी चौरस फूट फ्लेक्स छापायला पंचवीस मिनिटं लागतात. पाच वाजता बोर्ड हातात पडेल असं गिऱ्हाइकाला वाटलं, तर त्याचं काही चुकलं नाही. प्रत्यक्षात बोर्ड गाडीवर चढला रात्री सव्वानऊला. पावणेपाच तासांतली पंचवीस मिनिटं मशीनची. उरलेले चार तास वीस मिनिटं कुठं गेली, आणि ती त्या पोराच्या नावावर मांडायची की दुसऱ्या कुणाच्या, यावरून भोर-वेल्ह्यातच काय, जगातल्या कुठल्याही बोर्डाच्या दुकानात रोज तंटा होतो.

मी नोकरीभर कारखान्यात ‘टाइम स्टडी’ केली. म्हणजे हातात स्टॉपवॉच आणि पाटी घेऊन कामगारांच्या मागं उभा राहिलो, शिव्याही खाल्ल्या. निवृत्तीनंतर भोरला आलो. आता भाच्याच्या दुकानात दुपारी बसतो आणि जुन्या सवयीनं घड्याळाकडं बघतो. त्यामुळं पुढचा आढावा थोडा ग्रंथांतला आणि बराचसा त्या दुकानातल्या लाकडी स्टुलावरून घेतलेला आहे.

त्या चार तासांचा हिशेब आधी देतो. सत्तावीसपैकी अकरा फोटो व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेले, तीन लग्नातल्या गर्दीतून कापायचे, एक आधार कार्डावरचा. हल्ली मागची पार्श्वभूमी काढणारी साधनं हे काम सेकंदात करतात. आमच्याकडं मात्र पांढरा सदरा, पांढरी भिंत आणि पांढरी टोपी असा योग वारंवार येतो, आणि ते साधन भिंतीबरोबर टोपीही उडवतं. बोडक्या डोक्याचा सरपंच बोर्डावर चालत नाही. मग पोरगं माउस घेऊन टोपीची कड हातानं काढतं. एका टोपीला सहा मिनिटं, हे मी मोजलंय. त्यानंतर मानपानाचा प्रश्न: कोण वर, कोण खाली, कुणाचं डोकं किती इंचाचं. यासाठी चार फोन झाले. सहा वाजून दहा मिनिटांनी नमुना पाठवला, त्यावर उत्तर आलं सव्वासातनंतर, कारण तरुण डेअरीला दूध घालायला गेला होता. मध्ये वीस मिनिटं लाइट गेली. लाइट आल्यावर मशीनचं एक नोझल बसलं, काळ्या रंगात पांढरी रेघ यायला लागली, हेड साफ करावं लागलं. मग छपाई, मग पाइपाची चौकट, कडा दुमडणं, आयलेट मारणं.

या यादीत चौरस फुटांवर ठरणारी कामं दोनच: छपाई आणि चौकट. बाकीचं सगळं फोटोंच्या संख्येवर, दुरुस्त्यांवर, गिऱ्हाइकाच्या फोनवर आणि महावितरणवर ठरलं. तरी दर चौरस फुटाचा, आणि मालकाच्या मनातली वेळही नकळत चौरस फुटाचीच. दहा बाय आठचा साधा ‘प्लॉट विकणे आहे’ आणि दहा बाय आठचा सत्तावीस मुंडक्यांचा वाढदिवस दराच्या तक्त्यात एकाच ओळीत बसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या धंद्यात चौरस फूट हे पैशाचं माप आहे. वेळेचं माप म्हणून ते वापरलं, की दुकानातला सगळ्यात हुशार पोरगा आळशी ठरतो, कारण अवघड बोर्ड त्याच्याकडंच जातात.

जुन्या पेंटरचा काळ मला आठवतो. तेव्हा वेळेचा वाद नव्हता असं नाही, पण वेळ डोळ्यांना दिसायची. पत्र्यावर आधी प्रायमर, तो वाळायचा. मग जमिनीचा रंग, तो रात्रभर वाळायचा. दुसऱ्या दिवशी खडूनं किंवा चुन्याच्या सुतळीनं रेघा, मग अक्षरं. ऑइल पेंटचा एक हात दुसऱ्यासाठी पक्का व्हायला रात्र लागते, आणि श्रावणात हिरडस मावळात दोन रात्री लागल्या तरी कुणी पेंटरला विचारत नसे. ओला बोर्ड हात लावला की बोटाला लागायचा, त्यामुळं घाई करणाऱ्याला पुरावा लगेच मिळायचा. फ्लेक्स मशीनमधून वाळून आल्यासारखा बाहेर पडतो आणि सगळं काम बटणाचं आहे असा भास होतो. खरं तर सॉल्व्हंट शाईलाही उडून जायला अवधी लागतो. छापलेल्या विनाइलवर लॅमिनेशन चढवायचं असेल तर मधे एक दिवस सोडावा हा धंद्यातला नियम आहे. तो पाळला नाही तर काही दिवसांत कडा उचलतात, फुगे येतात, आणि तक्रार येते ती चिकटवणाऱ्याच्या नावानं.

कामाला वेळ किती लागावा हे मोजण्याचं शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उभं राहिलं. त्याचा कुलपुरुष फ्रेडरिक टेलर. बेथलहेम स्टील कंपनीत लोखंडाच्या लाद्या उचलणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवत होता, आपण तो साडेसत्तेचाळीस टनांवर नेला, असं टेलरनं १९११ साली आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढच्या संशोधकांनी या कहाणीतल्या बऱ्याच गोष्टींवर शंका घेतल्या. मला त्यातली एकच गोष्ट खटकते: त्यानं माणूस निवडून घेतला होता. धडधाकट, पैशाची गरज असलेला, सांगेल तसं वागणारा. त्या एकाचं माप मग सगळ्यांना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात मोल्डरांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. प्रकरण संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं आणि काही वर्षांनी सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचवर पैसा खर्च करायलाच बंदी आली.

आपल्याकडंही हा झगडा जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांमध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. मजुरी हे एक कारण होतंच, पण मुळाशी ‘रॅशनलायझेशन’ होतं: एका माणसानं दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, जास्त चात्या बघायच्या. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढं मालकांच्या प्रमाणीकरणाच्या योजनेची तपासणी झाली. घाटावरच्या कित्येक घरांतली माणसं त्या काळी मुंबईला होती. ‘एवढ्या वेळात एवढं काम कुणी ठरवलं?’ हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनी विचारून झालेला आहे.

पुढं शास्त्र थोडं माणसात आलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९५७ साली कार्य-अभ्यासावर एक पुस्तक काढलं. आम्ही सगळे त्याच्यावरच वाढलो. भारतात १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि या पद्धती लहानमोठ्या कारखान्यांत शिरल्या. त्यातली कल्पना सोपी आहे. काम बघायचं, वेळ मोजायची. मग करणाऱ्याचा वेग नेहमीच्या मानानं किती हे ठरवायचं. शंभर म्हणजे सपाट रस्त्यावर ताशी चार मैलांनी चालणारा माणूस. (सपाट रस्त्यावर. गुंजवण्याहून राजगड चढणाऱ्याला हे माप लावू नये.) मग त्यावर विश्रांतीची भर घालायची. त्या पुस्तकातल्या नमुना तक्त्यात स्वतःच्या गरजांसाठी पुरुषाला पाच टक्के आणि बाईला सात, मूळ थकव्याचे चार, उभं राहून काम असेल तर आणखी, उकाडा, वाईट उजेड, अवघडलेली कंबर यांचे वेगळे.

आमच्या दुकानात हे लावून बघितलं. एसीपी शीटची आठ बाय चारची पाटी. शीट कापणं, मागून खाच मारून कडा दुमडणं, पाइपाच्या चौकटीवर बसवणं. जुना कारागीर शंभर मिनिटांत करतो. त्याचा वेग मी एकशे दहा धरला, कारण तो खरंच चपळ आहे. म्हणजे साधारण माणसाचं काम एकशे दहा मिनिटांचं. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्यानं काम, म्हणून पंधरा टक्के भर. आली एकशे साडेसव्वीस मिनिटं. भाचा ही वेळ ‘तासाभराचं काम’ म्हणून सांगत होता. त्यात खोटेपणा नव्हता. त्याला एकदा पन्नास मिनिटांत झालेली पाटी आठवत होती, आणि सगळ्यांना तीच आठवते. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याच खोडीवर बोट ठेवलं: माणूस पुढच्या कामाचा अंदाज मागच्या अनुभवाच्या बेरजेवरून करत नाही, सगळं सुरळीत झालं तर काय होईल या चित्रावरून करतो.

मीही याच खड्ड्यात पडलेलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात मी जानेवारीच्या सकाळी तिथल्या सर्वात तयार फिटरची वेळ घेतली आणि तीच सगळ्या खात्याला लावली. मे महिन्यात त्या पत्र्याखाली एकालाही ती गाठता येईना, सगळ्यांचा इन्सेन्टिव्ह बुडाला, आणि माप बदलायला आठ महिने गेले. त्या फिटरनं त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. त्याचा वेग मी चोरला असं त्याचं म्हणणं होतं, आणि आता मला ते पटतं.

या शास्त्राची एक मोठी अडचण बोर्डाच्या धंद्यात आहे. ते उभं राहिलं एकच वस्तू हजार वेळा करणाऱ्या कारखान्यात. टी. पी. राइट यानं १९३६ साली विमानांच्या बांधणीत दाखवलं होतं की उत्पादनाची एकूण संख्या दुप्पट झाली की दर नगाचा वेळ साधारण वीस टक्क्यांनी उतरतो. पहिल्याला दहा तास, तर दुसऱ्याला आठ, चौथ्याला सहा तास चोवीस मिनिटं. आमच्याकडं प्रत्येक बोर्ड पहिलाच. ‘शिवतेज मिसळ’ची पाटी परत कधी होणार नाही. सरावाचा फायदा पाटीत मिळत नाही, तो हातात मिळतो: कड दुमडण्यात, अक्षर चिकटवण्यात, शिडीवर चढून ड्रिल धरण्यात. म्हणून वेळ ठरवायची असेल तर बोर्डाची ठरवू नये, त्यातल्या एकेका कामाची ठरवावी आणि बोर्ड आला की बेरीज करावी. नवीन पोराला पहिले तीन महिने त्या बेरजेच्या दीडपट द्यावी. हा दीडपट आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण शून्यापेक्षा बरा. बहुतेक दुकानांत नव्याला शून्य मिळतं.

देवनागरीचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण बाहेरून आलेले तक्ते इथं आपटतात. ॲक्रिलिकच्या अक्षरांचा दर बहुधा अक्षराच्या उंचीच्या इंचावर असतो, नगाप्रमाणे. इंग्रजी ‘होटेल’ची पाच अक्षरं सुटी, बहुतेक सरळ रेघांची. मराठी ‘हॉटेल’ शिरोरेघेनं बांधलेला एकच तुकडा; वर अर्धचंद्र, मात्रा, आणि ‘ह’ची ती वळणदार शेपटी, जिथं मान बारीक होते आणि उचलताना तुटते. अनुस्वार सुटा, त्याला स्वतंत्र पिन, दिव्याचं अक्षर असेल तर स्वतंत्र वायर. रेडियमच्या कामात तर विचारूच नका. मशीन कापून देतं, पण ‘अ’, ‘ळ’, ‘क्ष’ यांच्या पोटातलं नको असलेलं विनाइल चिमट्यानं काढणारं माणूसच असतं. दोन इंची अक्षरांत लिहिलेला शाळेचा ठराव आणि दोन फुटी अक्षरांतलं दुकानाचं नाव यांत चौरस फूट सारखे असतील, पण चिमट्याचं काम वीसपट असतं. आमच्या दुकानात हे काम करणारी मुलगी आहे. ती पाठ वाकवून दोन तास बसते, आणि तिचं काम कुणालाच दिसत नाही, कारण काढलेलं विनाइल कचऱ्यात जातं.

मजकुराचीही तीच तऱ्हा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं. पोरगं कोरलच्या जुन्या आवृत्तीत पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीवर काम करतं. मधे रूपांतर करावं लागतं, आणि त्यात रफार पळतो, ‘ऱ्या’ फुटतो, वेलांटी एक घर डावीकडं जाऊन बसते. मग एकेक ओळ वाचायची. वाचताना ‘अभिष्टचिंतन’ दिसलं की आमचा पोरगा, मास्तरांचा नातू असल्यानं, ते ‘अभीष्टचिंतन’ करतो. गिऱ्हाईक फोन करून परत चुकीचं करायला लावतं. दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कोणत्या खात्यावर टाकायची ते मला कार्य-अभ्यासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

घाईची किंमत आम्ही एकदा रोख मोजली. दशक्रियेचा बोर्ड होता. असे बोर्ड सगळ्यात घाईचे असतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. नमुना घरच्यांनी बघेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून तसाच छापला. दहाव्याची तारीख एका दिवसानं चुकली. रात्री अकराला परत छापला आणि पहाटे पोचवला. मालकाचा माल गेला, पोराची झोप गेली, पण मला आठवतो तो पहिला बोर्ड घेऊन दारात उभा असलेला मुलगा, डोकं नुकतं भादरलेलं, तारखेकडं बघत काहीच न बोलणारा. त्या दिवसापासून नमुन्याला होकार आल्याशिवाय छापायचं नाही असा नियम झाला, आणि होकाराची वाट बघण्याचा वेळ पोराच्या वेळेतून वजा झाला.

बोर्ड लावण्याच्या वेळेचा हिशेब तर भूगोलानं होतो. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडचं वेळवंड खोऱ्यातलं गाव इथून डोळ्यांसमोर दिसतं, पण रस्ता पाण्याला वळसा घालून जातो. चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्यापर्यंत जायचं, आणि काम पुढं केळदला असेल तर मढे घाटाच्या तोंडापर्यंत. पावसाळ्यात वरंधा घाट बंद असला की महाडच्या बाजूचं काम विसरायचं. मालक म्हणतो, एक पाटी लावायला अर्धा दिवस? पाटी लावायला पस्तीस मिनिटंच लागली. बाकीचा वेळ गाडीनं खाल्ला. पोरानं ड्रिलचं बिट विसरलं म्हणून परत यावं लागलं, तर मात्र तो वेळ त्याचा. एवढी बारीक फोड केली तरच माणूस हिशेब मान्य करतो.

लावण्याच्या कामात मी घड्याळ बाजूला ठेवायला सांगतो. शिडी उभी करताना चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, हा साधा नियम. शिडी दर वेळी हलवून परत लावायला तीन-चार मिनिटं. ती वाचवायला माणूस शिडीवरूनच हात ताणतो, आणि पडतो. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुना बाजार चौकात होर्डिंगचा सांगाडा उतरवताना कोसळून चारजण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे वादळात होर्डिंग पडून पाचजण, आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला सतरा. कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी. पण लोखंड आणि वारा या दोन गोष्टींचा ज्याच्याशी संबंध येतो, त्याला ‘लवकर आटप’ म्हणणाऱ्यानं हे तीन दिवस आठवावेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो लोकांना वाटतो त्याहून उपयोगी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मूळची तरतूद अशी होती: दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी, आणि जादा वेळेला दुप्पट मजुरी. हा कायदा तेव्हा पूर्णपणे लागू होता तो दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीसवर आणि दिवसाचे तास दहावर नेण्याचा निर्णय केला. आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या दुकानाला तेव्हाही आणि आताही त्यातलं फारसं काही लागत नाही. किमान वेतनाचं तत्त्व मात्र लहान दुकानालाही सुटत नाही. १९४८ च्या कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही आहे: नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी मिळता कामा नये, आणि मालकाला काम देता आलं नाही म्हणून माणूस रिकामा बसला तर त्याचा दिवस कापायचा नाही. म्हणजे लाइट गेली, पुण्याहून शीट आली नाही, गिऱ्हाइकाचा होकार आला नाही, तर तो वेळ मालकाच्या खात्यावर. उक्तं काम अंगावर देणारे बरेच मालक नेमका हाच वेळ कामगाराच्या अंगावर ढकलतात. ‘बोर्डामागं एवढे’ असं ठरवलं की थांबण्याचे तास गायबच होतात.

गर्दीचे दिवस वेगळे मोजावेत. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि मतमोजणी २३ ला होती. भोर, वेल्हे, मुळशी मिळून एक मतदारसंघ. दुपारी निकालाचा कल कळला की संध्याकाळी अभिनंदनाचे बोर्ड लागायलाच हवेत. निवडणुकीच्या काळात आणखी एक काम वाढतं: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार प्रचाराच्या छापील साहित्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, आणि प्रकाशकाचं घोषणापत्र घेऊन प्रतीसह पुढं पाठवायचं. हा कागद भरायला लागणारा वेळ दराच्या तक्त्यात कुठंच नाही. सरकारी निर्णयानंही गर्दी होते. मराठी पाट्यांची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही लागू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. भोरच्या बाजारपेठेत पाट्या आधीपासूनच मराठीत, त्यामुळं आम्हाला वाटलं आपला काय संबंध. पण ज्या राऊटरवर आमची अक्षरं कापून येतात ते शहरात, आणि शहर भरलं की तालुक्याचा नंबर मागं सरकतो. आता वेल्ह्याचं नाव राजगड झालंय, १३ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळानं ठरवलं. जुलै २०२५ मध्ये राजगड किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. बोर्ड बदलायचं काम पुरेल एवढं आहे. सगळं एकाच आठवड्यात मागू नये म्हणजे झालं.

मग करायचं काय? मी भाच्याला मोठी पद्धत सांगितली नाही. बाजारात धंद्याचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण चार माणसांच्या दुकानात ती आठवडाभर भरली जातात आणि सोडली जातात. आम्ही दोनशे पानी वही घेतली. बोर्डाला एक ओळ. कधी घेतला, फोटो किती, दुरुस्त्या किती, होकार कधी आला, हातात घेऊन किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना: कशासाठी थांबलो. वही पोरांनी भरायची, मालकानं नाही, आणि पहिले दोन महिने त्यावरून कुणाला एक शब्द बोलायचा नाही, ही माझी अट होती. ती पाळली नाही तर वहीत खोटे आकडे येतात. तीस वर्षं मी असे आकडे गोळा केलेत, मला त्यांचा वास येतो.

दोन महिन्यांत शेवटचा रकाना सगळ्यात भरलेला निघाला. होकार, लाइट, शीट, गाडी. एका पानावर ‘मामांनी चहाला थांबवलं’ असंही होतं. मामा म्हणजे मी. हातातली मिनिटं मात्र पोरागणिक फारशी वेगळी नव्हती. ज्याला भाचा मंद समजत होता, त्याच्या ओळींत फोटोंची संख्या सगळ्यांत जास्त होती. भाच्यानं ते पान दोनदा वाचलं आणि काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून दराच्या तक्त्यात एक ओळ वाढली: दहा फोटोंच्या पुढं प्रत्येक फोटोचे वेगळे पैसे. तक्रारी आल्या. बोर्डांवरची डोकीही थोडी कमी झाली, ज्यानं गावागावांत कोण दुखावलं ते मला ठाऊक नाही.

वहीच्या आधारावर आता दुकानात ‘संध्याकाळी या’ म्हणायला बंदी आहे. परवाच विंझरचं एक गिऱ्हाईक आलं, यात्रेचा बोर्ड, चौदा फोटो. कॉम्प्युटरवरच्या पोरानं वही चाळली, बोटावर बेरीज केली आणि स्वतःच सांगितलं, “पावणेआठ. फोटो सहापर्यंत आले तर.” गिऱ्हाइकानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग भाच्याकडं बघितलं, आणि दरात घासाघीस करावी तशा आवाजात म्हणालं, “साडेसात करा की.”